दुपार नावाची खूण

त्या रविवारी सकाळी बाबा मानिक चौकातून चष्म्याची काडी बसवून आले आणि येताना हिरव्या हरभऱ्याची मोठी जुडी घेऊन आले. जुडी वर्तमानपत्रावर पसरून ते घाटे सोलायला बसले आणि मी त्यांच्या संगणकासमोर. दर शनिवारी मी भोपाळहून झाशीला येत असे, रविवारी सकाळी त्यांची आठवडाभरातली पानं तपासत असे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात असे. सीपरी बाजारातल्या त्या दोन खोल्यांत उन्हाची एक पट्टी दहाच्या सुमाराला पडद्यावर यायची, मग काही दिसत नसे, मग बाबा उठून खिडकीचं एक दार लोटायचे. त्या दिवशीही लोटलं. पुढे काय होणार आहे हे ठाऊक असतं तर मी त्या दिवसाकडे जास्त लक्ष दिलं असतं असं म्हणण्यात अर्थ नाही. मला तो पुष्कळ आठवतो. बोटांना लागलेला हरभऱ्याचा आंबूस खार आठवतो. नव्या काडीमुळे चष्मा एका बाजूने किंचित वर बसला होता, त्यामुळे बाबा माझ्याकडे बघताना संशय घेतल्यासारखे दिसत होते, ते आठवतं. "ह्या पानावर लिंकेला नुसतं 'इथे पाहा' असं लिहिलंय तुम्ही," मी म्हटलं. ते ताडकन म्हणाले, "ते माझं नव्हे. शशिकांतने ग्वाल्हेरहून पाठवलेला मजकूर तसाच उतरवलाय. काढून टाक. गाडी थांबते, माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढतो, आणि पाटीवर काय, तर 'इथे'! असं स्टेशन पाहिलंयस कुठे?" मी हसले. त्यांनी एक घाटा माझ्याकडे फेकला, तो की-बोर्डवर पडला.

ही पानं म्हणजे बाबांचं संकेतस्थळ. अठ्ठावन्नाव्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी वर्तमानपत्रं वाचून आणि शेजाऱ्यांचे अर्ज लिहून काढली, मग मी त्यांना आमच्या ऑफिसातून काढून टाकलेला एक संगणक आणून दिला. मला वाटलं होतं ते पत्ते खेळतील. त्यांनी विचारलं, पान कसं बनतं ते दाखव. तयार साचे असतात, त्यात मजकूर ओतायचा, असं मी म्हटलं, तर नको म्हणाले, आतलं दाखव. मग मी त्यांना संगणकातल्या साध्या कोऱ्या पाटीवर पान रचायची खुणांची भाषा शिकवली. परिच्छेद कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मथळा कसा करायचा, आणि शेवटी लिंक कशी द्यायची: एका पानावरच्या शब्दाला दुसऱ्या पानाचा पत्ता बांधायचा, आणि त्या दुसऱ्या पानावर नेमक्या एखाद्या ओळीवर उतरायचं असेल, तर त्या ओळीला एक नाव देऊन ठेवायचं. त्या नाव दिलेल्या जागेला अँकर म्हणतात असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, म्हणजे खूण. त्यांनी ज्या ज्या स्टेशनांवर नोकरी केली त्या प्रत्येक स्टेशनाचं एक पान त्यांनी लिहायला घेतलं, आणि ज्या ज्या माणसांनी त्यांना कधी काही शिकवलं, खाऊ घातलं, फसवलं, त्या प्रत्येकाचं एक. सगळी पानं एकमेकांना बांधलेली. चिरगाँवच्या पानावरून केशवराव नावाच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनकडे, केशवरावांकडून त्यांच्या गरौठ्याच्या सासऱ्यांनी पाठवलेल्या गुळाकडे, गुळावरून माझ्या आईकडे जायचं. आईचं पान मात्र नव्हतं. तिथे लिंकच नव्हती, नुसतं नाव होतं, काळ्या अक्षरात, 'स्नेहलता'.

लिंक कशी असावी याबद्दल बाबांची मतं ठाम होती आणि ती त्यांच्या नोकरीतून आली होती. स्टेशनमास्तर म्हणून त्यांची बहुतेक वर्षं एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांत गेली. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या म्हटल्यावर एक गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला विचारावं लागतं. विचारायचं म्हणजे घंटा वाजवायची. तिकडच्या मास्तरने त्याच्या यंत्राची कळ दाबून धरली, तरच आपल्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडतो. तो गोळा वेताच्या कड्याच्या झोळीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर इंजिन हलवत नाही, मग सिग्नल काहीही सांगो. मी लहान असताना बाबांनी मला तो गोळा एकदा उचलू दिला होता. थंड होता, अपेक्षेपेक्षा जड होता, आणि त्यावर दोन स्टेशनांची नावं कोरलेली होती, चिरगाँव आणि पारीछा. दोन्ही नावं एकाच गोळ्यावर होती याचं बाबांना फार अप्रूप होतं. "आणि तुमची लिंक?" ते म्हणत. "इकडून पाठवली की गेली. तिकडच्याला पत्ता नाही की आपल्याकडे कोण येतंय. तिकडचं पान उद्या पुसलं गेलं, तर इकडच्याला पत्ता नाही. हा काय कारभार?" मी त्यांना समजावत असे की म्हणूनच तर हे सगळं वाढलं, प्रत्येकाने प्रत्येकाची परवानगी मागितली असती तर जगात दहा पानं झाली असती. तुटणाऱ्या लिंका ही त्याची किंमत. "तुटतात म्हणून सांगतेस, आणि वर पगार घेतेस," ते म्हणत. हे खरं होतं. भोपाळच्या ऑफिसात माझं कामच ते होतं, मोठमोठ्या संकेतस्थळांवरच्या तुटलेल्या लिंका शोधून दुरुस्त करायच्या.

त्यांनी आपल्यापुरता कायदा केला. ज्याच्या पानाकडे लिंक जाते, त्याने आपल्या पानावर खूण ठेवायची आणि तिथून परतीची लिंक द्यायची. ज्याचं पान, त्यानेच खूण ठेवायची. दुसऱ्याच्या स्टेशनात शिरून आपण कळ दाबत नाही. खुणेला आकड्यावरून नाव द्यायचं नाही, कारण मध्ये एखादा परिच्छेद आला की तिसरा चौथा होतो. जिथे जे आहे त्याचंच नाव द्यायचं. आणि पान इंटरनेटवर चढवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचायचं, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं, जसा फोनवर निरोप देताना रेल्वेत देतात. हे शेवटचं मला फार अवघड जायचं. मी लहानपणापासून मनात वाचणारी. मला लिंक ही गोष्ट आवडली तीच मुळी जुन्या पुस्तकांतल्या तळटीपांमुळे; ओळीच्या डोक्यावर एक बारीक आकडा असतो, आपण डोळे खाली नेतो, काहीतरी वाचतो आणि कुणालाही न कळता परत वर येतो. बाबा मात्र खुर्चीत ताठ बसून मला एकेक वाक्य सांगत आणि मी ते परत म्हणायचं. रस्त्यावरून जाणारी माणसं खिडकीतून बघत. आमच्या गल्लीत आमच्याशिवाय मराठी कुणाला येत नव्हतं, हेच काय ते सुख.

हरभरे सोलून झाल्यावर त्यांनी सालं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि हात न धुताच म्हणाले, "स्नेहलताचं पान झालंय." मी पडद्यावरून नजर काढली नाही. "चांगलं झालं," मी म्हटलं. "चढवू का?" "नाही. तुझ्या पानावर एक खूण हवी आहे. मी नाव ठेवलंय, 'दुपार'. रोमन अक्षरांत, तू म्हणतेस तसं. खूण तुझ्याकडून झाली की चढवतो." माझंही एक पान त्या संकेतस्थळावर होतं, त्यांनी हट्टाने करायला लावलं होतं. त्यात तीन ओळी होत्या: नाव, शिक्षण, भोपाळ. त्या तीन ओळींत दुपार कुठे ठेवणार? कोणती दुपार, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण कोणती ते मला ऐकताक्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "बाबा, खूण नसली तरी काही बिघडत नाही. ब्राउझर तक्रार करत नाही. ती ओळ सापडली नाही तर तो गुपचूप पानाच्या वरच्या टोकाला नेऊन उभं करतो. वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही." त्यांनी सालांची पुडी उचलली. मग म्हणाले, "हेच तर मला पटत नाही. जिथे जायचं ती जागाच नाही, तर गाडीने थांबावं. हा आपला पहिल्याच स्टेशनात उभा राहतो आणि म्हणतो, आलं." "लोकांना चालतं ते." "लोकांचं सोड गं," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले. संध्याकाळी स्टेशनावर नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर आले, नेहमीप्रमाणे गाडी तीन मिनिटं उशिरा आली त्याबद्दल कुणालातरी दोष दिला, आणि डब्यात सोललेल्या हरभऱ्याची पिशवी दिली. "पुढच्या रविवारी बघू," मी खिडकीतून म्हटलं. "हो. घाई नाही," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका संकेतस्थळावरच्या दोनशे सतरा तुटक्या लिंकांची यादी करत होते. मी फोन ठेवला आणि यादीतली चालू ओळ पूर्ण केली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती ओळ पूर्ण केली, फाइल जतन केली, मग पर्स उचलली. गाडीत बसल्यावर मला आठवलं की हरभऱ्याची पिशवी फ्रिजमध्ये तशीच आहे. अग्नी मीच दिला. ग्वाल्हेरचा शशिकांत, माझा चुलतभाऊ, म्हणाला, मी देतो हवं तर, त्यावर मी नको म्हटलं, आणि माझा आवाज इतका सरळ होता की तो मागे सरला. लोक आले आणि गेले. बायका हिंदीत म्हणाल्या की बाबूजी पुण्यवान, झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवली. त्रास न देता जाणं हे आमच्या घरात नवं नव्हतं.

आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आम्ही तेव्हा झाशीच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो, बाबांची ड्यूटी चिरगाँवला असे. तिला त्या वर्षी छातीत जड व्हायचं आणि पुन्हा बरं वाटायचं. त्याआधी दोनदा मी स्टेशनावरच्या टेलिफोनच्या खिडकीवर जाऊन बाबांना निरोप दिला होता, दोन्ही वेळा ते घाम पुसत आले, आणि दोन्ही वेळा आई उठून कणीक मळत होती, आणि शरमेने म्हणाली होती, "उगीच बोलावलं हो तुम्हाला." तिसऱ्या वेळी, दुपारी दोन वाजता, ती पलंगावर उठून बसली होती, एका हाताने पदर छातीशी घट्ट धरलेला, आणि म्हणाली, "इंदू, जा बरं, बाबांना फोन कर." एवढंच. आवाजात काही वेगळं होतं का, हे मी तेवीस वर्षं ऐकत आले आहे आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चपला घातल्या. हातात पुस्तक होतं, कारण ते त्या दिवशी परत करायचं होतं; मराठी मंडळाचं वाचनालय, दोन कपाटं आणि एक लांब बाक, स्टेशनाच्या वाटेवरच होतं. त्या पुस्तकाची चाळीस पानं राहिली होती. परत केलं तर पुन्हा कधी मिळेल ते सांगता आलं नसतं; एकच प्रत होती आणि रांगेत तीन नावं होती. मला वाटलं, आधी दोनदा झालं तसंच आहे. मला असंही वाटलं की पाच मिनिटं बसू. बाकाच्या लाकडाला ऊन लागून तो कोमट झाला होता. समोर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र धरून झोपले होते आणि त्यांच्या श्वासाने कागदाचा कोपरा हलत होता. मी चाळीसही पानं वाचली, काही दोन-दोनदा. शेवटचं पान उलटलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पुस्तकातल्या कुणासाठीतरी. मग घड्याळ पाहिलं आणि धावले.

खिडकीवर तिवारीजी होते, श्रीकृष्ण तिवारी, तेव्हा चाळिशीतले, पान खाऊन ओठ लाल. त्यांनी फोनची लाइन लगेच लावली, माझा निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला आणि वहीत वेळ लिहिली. मी घरी पोचले तेव्हा शेजारच्या कुसुमावती काकूंनी रिक्षा आणली होती. आई पावणेसहाला दवाखान्यातच वारली. बाबा साडेसहाला आले, मालगाडीच्या गार्डच्या डब्यात बसून. चेहऱ्यावर कोळशाची पूड होती. तीनची पॅसेंजर त्यांच्या डोळ्यांदेखत चिरगाँवहून सुटली होती, रिकामी म्हणावी अशी. त्यांनी मला विचारलं, "कधी पाठवलं तिने तुला?" मी म्हटलं, "दोन वाजता. मी लगेच गेले. लाइन मिळत नव्हती." ते वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं. ते तोंडात आलं, आणि बाबांनी मान हलवली. पुढे कॉलनीत लोक बोलले की टेलिफोनवरचा माणूस डुलक्या काढत होता, नाहीतर एवढा वेळ कशी लाइन मिळत नाही. मी ते ऐकलं आणि काही बोलले नाही. दर दिवाळीला बाबा मिठाईचा डबा घेऊन तिवारीजींकडे जात. मला वाटे, हे बाबांचं मोठेपण, ते त्या माणसाला क्षमा करतात. मी एकदाही बरोबर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणायची.

दहाव्या दिवसानंतर घर रिकामं झालं. मी दारं लावून घेतली आणि संगणक सुरू केला. त्याचा पंखा आधी घरघरतो, मग शांत होतो. बाबा त्याला म्हणायचे, उठला. आईचं पान त्यांच्या संगणकावरच होतं, चढवलेलं नव्हतं. ते उघडायला मला बराच वेळ लागला. पान मोठं नव्हतं. स्नेहलता कुठली, लग्न कधी, तिचा आवाज कसा होता, ती वांग्याच्या भाजीत गूळ घालायची आणि विचारलं की नाही म्हणायची. चिरगाँवच्या क्वार्टरमध्ये पहिल्या रात्री ती गाड्यांच्या आवाजाने झोपली नाही आणि वर्षभराने माहेरी गेली, तेव्हा गाड्यांच्या आवाजावाचून झोपली नाही. शेवटचा परिच्छेद त्यांनी स्टेशनाच्या वहीसारखा लिहिला होता. झाशीला खिडकीवर निरोप मिळाला, चार चाळीस. मला चिरगाँवला मिळाला, चार पंचेचाळीस. बदली माणसाकडे काम सोपवून निघालो, पाच वीस. स्नेहलता गेली, पाच पंचेचाळीस. पोचलो, सहा तीस. 'तारायंत्रात, टेलिफोनात किंवा कुणाही कर्मचाऱ्याकडून एका मिनिटाचा विलंब झालेला नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो.' ह्या नोंदींच्या आधी एक ओळ होती, 'स्नेहलताने निरोप पाठवला, दोन वाजता', आणि त्या ओळीनंतर, चार चाळीसच्या आधी, दोन शब्दांवर लिंक होती: 'इंदूची दुपार'.

मी त्या शब्दांवर टिचकी मारली. ब्राउझर माझ्या पानावर गेला आणि, मीच सांगितलं होतं तसा, गुपचूप वरच्या टोकाला उभा राहिला. नाव, शिक्षण, भोपाळ. परत आल्यावर लक्षात आलं की ते दोन शब्द मी टिचकी मारण्याआधीही जांभळेच होते. न पाहिलेली लिंक निळी असते, पाहिलेली जांभळी होते. ह्या एका गोष्टीचं बाबांना कौतुक होतं. ते म्हणत, गेलेली वाट ओळखू येते, एवढं बरं केलंय. म्हणजे ते गेले होते. मी ब्राउझरचा इतिहास उघडला. त्यात तीन महिन्यांच्याच नोंदी राहतात. त्या तीन महिन्यांत माझ्या पानावरच्या 'दुपार' ह्या खुणेकडे ते बारा वेळा गेले होते, दर सोमवारी, सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमाराला. मी रविवारी संध्याकाळी जायची. सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, ते बघायचे की जाताना मी काही ठेवून गेले आहे का. खूण हवी आहे हे मला तोंडाने सांगण्याआधी त्यांनी निदान अकरा सोमवार पाहिले होते. मी पानाचं आतलं रूप उघडलं, खुणांच्या भाषेतलं, जिथे वाचणाऱ्याला न दिसणारी टीप लिहून ठेवता येते. बाबा प्रत्येक लिंकेच्या पुढे अशी टीप लिहीत: समोरून होकार, आणि तारीख. केशवरावांच्या मुलाचा होकार होता, शशिकांतचा होता. ह्या लिंकेपुढे लिहिलं होतं: 'समोरून होकार बाकी. घाई नाही.'

मला रडू आलं नाही. मला हरभऱ्याचा वास आला, आणि बोटांकडे पाहिलं तर ती स्वच्छ होती. मी माझं पान उघडलं आणि भोपाळच्या खाली एक परिच्छेद सुरू केला. त्याला नाव दिलं, दुपार. नाव द्यायला एक क्षण लागतो. त्याच्या आत लिहायला मी दीड दिवस घेतला आणि सात ओळी झाल्या. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात वाचनालयाचं वर्णन फार होतं, ऊन, बाक, झोपलेले गृहस्थ. चांगलं जमलं होतं, म्हणून काढलं. मग 'मी लहान होते' असं एक वाक्य होतं, तेही काढलं. मग राहिलं ते अगदी थोडं राहिलं, आणि ते चढवायला माझा हात पुढे होईना. बोट कळीवर होतं. काय अडलंय ते मला समजत होतं. बाबांच्या कायद्याप्रमाणे ते कुणाच्या कानावर जायला हवं होतं, आणि ज्यांच्या कानावर जायचं ते नव्हते.

दारावर थाप पडली ती त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. "काए बिटिया, किवाड़ काए लगा रखे हैं?" तिवारीजी होते. केस पांढरे, पान सुटलेलं, हातात गुळाची ढेप. आजारी होते म्हणून आधी येता आलं नाही, असं म्हणून ते बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसले. पडद्याकडे बोट करून बाबांबद्दल म्हणाले, "जेई में लगे रहत हते भैया. हमसे कहते, तिवारी, तुम्हारा भी पन्ना बनाया है, सुन लो. हमने कहा, हमारे पन्ने में क्या है? बोले, एक टाइम है." मी उभीच होते. मी हिंदीत म्हटलं, "चाचाजी, उस साल लोग आपको बहुत बोले थे." "बोले थे. सो गया था तिवारी, पीके बैठा था तिवारी." ते हसले, दात थोडेच उरले होते. "भैया तो दूसरे ही दिन आए. सिर मुँड़ा हुआ. खिड़की पे खड़े होके बोले, रजिस्टर दिखाओ. देखा. चार बजके चालीस. बंद किया, बोले, तिवारी, तुम्हारी तरफ सब ठीक है. फिर चौक में चार आदमियों के सामने भी जेई कहा. उसके बाद एक दिन नहीं पूछा."

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मी ज्या बाबांसमोर तेवीस वर्षं जपून बसले, जेवले, कॉलेजला गेले, भोपाळला गेले, ते बाबा तेव्हापासून सगळं जाणून होते. मला पोळी वाढताना जाणून होते. वेताच्या कड्याची झोळी घेऊन ते उभे होते, आणि मी एकेक स्टेशन मागे टाकत गेले असं मला वाटत होतं, आणि गाडी मुळात हललीच नव्हती. "आपने उनको बताया नहीं, कि मैं आई ही तब थी?" मी विचारलं. तिवारीजींनी गुळाची ढेप टेबलावर ठेवली, कागद नीट केला. "रजिस्टर में लिखा था, बिटिया. उसके आगे हमारा सेक्शन नहीं था."

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मी एक मजकूर लिहिला आहे आणि चढवण्याआधी तो कुणीतरी ऐकायला हवा. "हओ," ते म्हणाले, "भैया का कायदा. जबानी बोलो, हम दोहराते जाएँगे." त्यांनी पाठ सरळ केली आणि उजवा हात नकळत कानाशी नेला, फोन धरल्यासारखा. मी हिंदीत सुरुवात केली, "उस दिन माँ ने मुझे," आणि थांबले. पुढचे शब्द हिंदीत होतेच माझ्याकडे, पुष्कळ होते, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल वाटत होते. तिवारीजी वाट पाहत होते. मग हळूच म्हणाले, "मराठी में बोलो. चालीस साल भैया की सुनी है, सब समझ लेते हैं." खिडकीचं एक दार बंद होतं, दुसऱ्यातून ऊन आत आलं होतं आणि पडद्यावरची अक्षरं त्यात पुसून गेली होती, वाचून दाखवण्याची सोय राहिली नव्हती. उठून दार लोटायला हवं होतं. मी उठले नाही.

"दोन वाजता आई म्हणाली, बाबांना फोन कर," मी म्हटलं. तिवारीजी आपल्या बुंदेली उच्चारात ते परत म्हणाले. "मी वाचनालयात बसले. पुस्तकाची चाळीस पानं राहिली होती." तेही त्यांनी म्हटलं, पण चाळीस म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला आणि हात कानावरून निघून मांडीवर आला. पुढचं वाक्य परत म्हणायला कुणी असो वा नसो, मी रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं. "मी ती सगळी वाचली. मग आले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं, लाइन मिळत नव्हती. लाइन चांगली होती, बाबा."